मोटोजीपी रायडरची कारकीर्द कशी घडते, कशी मोडते

२८ सप्टेंबर २०२५ रोजी जपानमधल्या मोतेगी सर्किटवर मार्क मार्केझ दुसरा आला आणि तेवढ्यावर जगज्जेता ठरला. मोटोजीपी म्हणजे मोटरसायकल रेसिंगचा सर्वोच्च गट, आणि तिथलं हे त्याचं सातवं विजेतेपद. सहावं त्याने ६ ऑक्टोबर २०१९ ला मिळवलं होतं. मधल्या २,१८४ दिवसांत त्याच्या उजव्या दंडावर चार शस्त्रक्रिया झाल्या, एका वस्तूच्या दोन दिसण्याचा डोळ्यांचा त्रास पुन्हा पुन्हा उद्भवला, आणि ज्या होंडाने त्याला मोठं केलं तिचा करार त्याने मुदतीआधी सोडला. मोतेगीनंतरच्या पुढच्याच रविवारी इंडोनेशियात मांडालिकाला पहिल्याच लॅपमध्ये मागून दुसऱ्या रायडरची धडक बसली, उजव्या खांद्याला फ्रॅक्चर झालं आणि उरलेल्या हंगामाला त्याला मुकावं लागलं.

आपल्याकडे या खेळाबद्दल बोलताना जिगर हा शब्द लगेच येतो. पण तिथल्या बावीसच्या बावीस रायडरांकडे जिगर असते, त्यावर कुणी पुढे-मागे होत नाही. कारकीर्द ठरते ती तीन गोष्टींवर: लहानपणी कुणाच्या पैशावर आत शिरलात, कोणत्या वेळी कोणती गाडी हाताशी आली, आणि मोडलेल्या शरीराबाबत काय निर्णय घेतले. यातले बरेचसे निर्णय ट्रॅकबाहेर होतात, म्हणून ते टीव्हीवर दिसत नाहीत. मार्केझच्या कारकिर्दीत तिन्ही गोष्टी ठळक दिसतात, म्हणून त्याचंच उदाहरण धरून पुढे जाऊ.

आधी काम काय आहे ते पाहू

मोटोजीपीची गाडी शोरूममध्ये मिळत नाही. ती शर्यतीपुरतीच बनवतात. इंजिन १००० सीसीपर्यंत आणि वजन किमान १५७ किलो. आपल्या रस्त्यावरच्या दीडशे-एकशेसाठ सीसीच्या बाईकचं वजन याच्या आसपास असतं, यावरून ताकद आणि वजन यांचं प्रमाण लक्षात येईल. २०२३ मध्ये इटलीतल्या मुजेलो सर्किटवर ब्रॅड बाइंडरने केटीएमवर ताशी ३६६.१ किलोमीटर वेग गाठला.

मात्र सरळ पट्ट्यावर गाडी पळवणं हा यातला सोपा भाग. खरी परीक्षा पट्टा संपताना असते. साडेतीनशेच्या वेगात वाऱ्याआड दडपून बसलेला रायडर उठून बसतो, छाती वाऱ्याला देतो आणि उजव्या हाताच्या एक-दोन बोटांनी पुढचा ब्रेक ओढतो. ब्रेकच्या चकत्या कार्बनच्या असतात आणि तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत. सगळा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक कधी कधी जमीन सोडतं, आणि रायडरचं शरीर हँडलवर आदळू पाहतं. ते तो दंड, खांदे आणि टाकीला आवळलेल्या मांड्यांनी रोखून धरतो. चार-पाच सेकंदांत वेग शंभराच्या आसपास येतो. ब्रेक हळूहळू सोडत तो गाडी साठ अंशांहून जास्त कलंडवतो, गुडघाच काय, कोपरही डांबराला घासतं. मग वळणातून बाहेर पडताना तोच उजवा हात अ‍ॅक्सिलरेटर पिळू लागतो. एका लॅपमध्ये हे दहा-पंधरा वेळा आणि शर्यतीत चाळीस-पंचेचाळीस मिनिटं सलग चालतं.

पुढचा ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, दोन्ही उजव्या हाताकडे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या श्रमामुळे हाताच्या पुढच्या भागातले स्नायू फुगतात. त्यांच्यावरचं आवरण तितकं ताणलं जात नाही, मग आत दाब वाढतो, बोटं बधिर होतात आणि ब्रेक किती दाबला जातोय तेच कळेनासं होतं. रेसिंगच्या भाषेत याला आर्म पंप म्हणतात. आवरणाला चीर देऊन दाब मोकळा करण्याची शस्त्रक्रिया या धंद्यात इतकी सर्रास होते की तिची बातमीसुद्धा दोन ओळींत संपते.

पडण्याचेही दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक ठाऊक असला की शर्यत वेगळीच दिसू लागते. लोसाइडमध्ये चाकाची पकड सुटते, गाडी खालून निसटते आणि रायडर तिच्या मागे घसरत जातो. चामड्याचा सूट आणि त्यातली एअरबॅग यामुळे तो बहुतेक वेळा उठून चालू लागतो. २०१८ पासून ही एअरबॅग सक्तीची आहे. हायसाइड भयंकर असतो. मागचं चाक घसरतं आणि घसरता घसरता अचानक पकड घेतं. कलंडलेली गाडी झटक्यात सरळ होते आणि रायडरला वर हवेत भिरकावते. तो कुठे, कसा पडेल आणि त्याच्या अंगावर गाडी येईल का, हे कुणाच्याच हाती नसतं.

आत शिरायचं कसं

मार्केझचा जन्म १७ फेब्रुवारी १९९३ चा, स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या सेर्वेरा गावचा. घर साधं, वडील खोदकामाच्या मशीनवर चालक. पण आई-वडील दोघंही गावच्या मोटरसायकल क्लबमध्ये स्वयंसेवक म्हणून राबायचे. पोराला चौथ्या वर्षी छोटी मोटरसायकल मिळाली. पंधराव्या वर्षी, २००८ मध्ये, तो १२५ सीसी गटात जागतिक स्पर्धेत उतरला. चण इतकी लहान की गाडी आणि रायडर मिळून ठरलेलं किमान वजन भरावं म्हणून गाडीवर जादा वजन चढवावं लागे. २०१० मध्ये १२५ सीसीचा विजेता, २०१२ मध्ये मोटो२ या मधल्या गटाचा विजेता, आणि २०१३ मध्ये होंडाच्या फॅक्टरी, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या, टीममधून मोटोजीपीत पहिल्याच हंगामात जगज्जेता. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, या गटातला आजवरचा सर्वांत तरुण विजेता.

ही चढण आजही तशीच आहे, फक्त गाड्या बदलल्या. सर्वांत खाली मिनीबाईक, मग राष्ट्रीय स्पर्धा, रेड बुल रुकीज कपसारख्या कुमार स्पर्धा, मग मोटो३ मध्ये २५० सीसी एका सिलिंडरच्या गाड्या, मोटो२ मध्ये सगळ्यांना एकसारखं ट्रायम्फचं ७६५ सीसी इंजिन, आणि वर मोटोजीपी. जागतिक स्पर्धेत उतरायला २०२३ पासून सर्वसाधारणपणे अठरा वर्षं पूर्ण लागतात. कोवळ्या वयातल्या मुलांचे जीव ओळीने गेल्यावर हा नियम कडक झाला, आणि तो उशिराच झाला असं मला वाटतं.

स्पेन आणि इटलीचेच रायडर इतके का? मुंबईत आझाद मैदानावर किंवा शिवाजी पार्कात एखाद्या पोराच्या हाती बॅट येते आणि तिथेच कुणीतरी जाणता माणूस त्याला हेरतो, तसं स्पेनमध्ये गावोगावच्या क्लबांमधून मिनीबाईकच्या बाबतीत घडतं. आठ वर्षांच्या मुलाला दर आठवड्याला ट्रॅकवर फिरता येतं. इटलीत व्हॅलेंटिनो रॉसीने तावुल्या या आपल्या गावी मातीचा ट्रॅक बांधला, अकादमी उभी केली. फ्रान्चेस्को बान्याया, मार्को बेझेकी, फ्रँको मोर्बिदेल्ली हे सगळे तिथले.

पैशाचं गणित मात्र दोन्ही देशांत कठोर आहे. खालच्या गटांत अनेक रायडरांना पगार मिळणं दूरच, सीट, म्हणजे टीममधली जागा, मिळवायला स्वतःच प्रायोजक आणावे लागतात. गुणी पण पैसा नसलेला मुलगा सोळाव्या-सतराव्या वर्षी घरी परततो आणि त्याचं नावही कुणाला कळत नाही. मार्केझला एमिलिओ अल्झामोरासारखा माजी जगज्जेता व्यवस्थापक म्हणून लवकर भेटला, त्याने प्रायोजक उभे केले. मार्केझची प्रतिभा वादातीत आहे, पण ती दिसायला जी वर्षं लागतात ती कुणीतरी पैसे देऊन विकत घेतली होती.

या शिडीत एक पायरी महाराष्ट्राच्या कंपनीची होती, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. महिंद्राने २०११ मध्ये जागतिक स्पर्धेत, छोट्या गटात प्रवेश केला आणि २०१७ अखेर माघार घेतली. मधल्या काळात आस्पार टीममध्ये महिंद्राच्या मोटो३ गाडीवर दोन पोरं सहकारी होती: इटलीचा फ्रान्चेस्को बान्याया आणि स्पेनचा होर्हे मार्टिन. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या आसेनला बान्यायाने शर्यत जिंकली. त्याचा जागतिक स्पर्धेतला पहिला विजय आणि महिंद्राचाही पहिलाच. पुढे २०२२ आणि २०२३ चा मोटोजीपी विजेता बान्याया, २०२४ चा मार्टिन. ज्या वयात रायडरवर कुणीतरी विश्वास टाकावा लागतो, त्या वयात या दोघांच्या खाली भारतीय नावाची गाडी होती. ती गाडी होंडा-केटीएमपेक्षा मागे पडायची. कमी गाडीवर पुढे यायची सवय त्यांना तिथेच लागली असावी, असं मला वाटतं.

सीट

मोटोजीपीत २०२५ साली पाच कंपन्या, अकरा टीम आणि बावीस सीट होत्या. फॅक्टरी टीम कंपनीची स्वतःची. तिथे सर्वांत ताजी गाडी, नवे सुटे भाग, मोठा पगार. सॅटेलाइट टीम स्वतंत्र मालकांच्या, त्या कंपनीकडून गाड्या घेतात आणि बऱ्याचदा त्यांच्या वाट्याला आदल्या वर्षीची गाडी येते.

या खेळात टीमचा सहकारी हाच पहिला प्रतिस्पर्धी असतो, कारण त्याच्याकडे तीच गाडी असते. बाकी कुणाकडून हरलात तर गाडीला बोल लावता येतो, सहकाऱ्याकडून हरलात तर सबब उरत नाही. डुकाटी या इटालियन कंपनीत तर एका रायडरचा डेटा बाकीच्यांनाही दिसतो. कोणत्या वळणाला किती मीटर आधी ब्रेक दाबला, किती जोरात, किती उशिरा सोडला, सगळं पडद्यावर. वर्षानुवर्षं कमावलेली युक्ती तुम्ही शुक्रवारी वापरता आणि शनिवारी दुसरा ती शिकून येतो.

चुकीच्या वेळी चुकीची गाडी घेतली की काय होतं, त्याचं सर्वांत मोठं उदाहरण रॉसीचं. नऊ जागतिक विजेतेपदं घेतलेला हा माणूस २०११ मध्ये यामाहा सोडून डुकाटीवर गेला आणि दोन हंगामांत एकही शर्यत जिंकू शकला नाही. त्याच डुकाटीवर केसी स्टोनर २००७ मध्ये जगज्जेता झाला होता. रॉसी २०१३ मध्ये यामाहावर परतला आणि त्याच वर्षी आसेनला जिंकला. दोन वर्षांत माणूस बिघडला आणि पुन्हा सुधारला असं काही झालं नव्हतं. गाडीला पुढच्या चाकातून जे सांगायचं होतं ते त्याला ऐकू येत नव्हतं, एवढंच.

मार्केझ आणि होंडाचं नातं याहून गुंतागुंतीचं. २०१९ मध्ये त्याने बारा शर्यती जिंकल्या. अमेरिकेतली एक शर्यत पडल्यामुळे गेली, बाकी प्रत्येक शर्यतीत तो पहिला किंवा दुसरा. अशा रायडरच्या सांगण्यावरून गाडी घडत जाते, आणि ती हळूहळू फक्त त्यालाच चालवता येईल अशी होते. २०२० मध्ये तो जखमी झाला आणि होंडाला वर्षभरात एकही शर्यत जिंकता आली नाही. त्याच काळात डुकाटीने गाडीवरचे पंख वाढवत नेले, वळणातून निघताना गाडीची मागची उंची कमी करणारी यंत्रणा आणली आणि आठ-आठ गाड्या मैदानात उतरवून आठ जणांचा डेटा गोळा केला. तोपर्यंत एकाच माणसाच्या अंगमेहनतीवर होंडाचं निभावलं होतं. तो मोडला तशी गाडीची अवस्था उघडी पडली.

२०२३ मध्ये जर्मनीतल्या साक्सनरिंगला, जे त्याचं हुकमी सर्किट, तो एकाच वीकेंडला पाच वेळा पडला आणि रविवारची शर्यत न धावताच परतला. त्या वर्षअखेर त्याने होंडाचा करार एक वर्ष आधी सोडला. मैदानातल्या सर्वांत मोठ्या करारांपैकी तो एक होता. आणि गेला कुठे, तर ग्रेसिनी या सॅटेलाइट टीममध्ये, डुकाटीच्या आदल्या वर्षीच्या गाडीवर, धाकटा भाऊ अ‍ॅलेक्सचा सहकारी म्हणून. फाउस्तो ग्रेसिनी २०२१ मध्ये कोविडने गेले, त्यानंतर त्यांच्या पत्नी नादिया पादोवानी ही टीम चालवतात. सहा वेळच्या मोटोजीपी जगज्जेत्यासाठी ही उतरंड होती. पण त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: मी संपलोय की माझी गाडी? १ सप्टेंबर २०२४ ला स्पेनमधल्या आरागॉनला तो जिंकला, १,०४३ दिवसांनी. उत्तर मिळालं. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत धाडसी निर्णय आहे, आणि तो घेताना अंगात रेसिंगचा सूट नव्हता.

त्याच वर्षी जूनमध्ये एका सीटने दोन कारकिर्दी फिरवल्या. डुकाटीच्या फॅक्टरी टीममध्ये २०२५ साठी एक जागा रिकामी होत होती. मार्टिन प्रामाक या डुकाटीच्याच दुसऱ्या टीममध्ये होता आणि ती जागा त्याला मिळणार असं जवळपास ठरलं होतं. मार्केझला प्रामाकमध्ये जा असं सुचवलं गेलं, त्याने साफ नकार दिला. कंपनीने त्याला गमावण्याऐवजी मार्टिनला गमावलं. मार्टिनने अप्रिलिया या दुसऱ्या कंपनीशी करार केला, मग २०२४ चं विजेतेपद डुकाटीवरच जिंकलं आणि विजेत्याचा एक नंबर घेऊन अप्रिलियात गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत चाचणीत पडला, हाडं मोडली. एप्रिलमध्ये कतारला पुनरागमन केलं, पुन्हा पडला, बरगड्या मोडल्या. हंगामाचा मोठा भाग वाया गेला. मार्केझ मात्र ज्या गाडीवर बसला तिच्यावर जगज्जेता झाला, आणि दुसरा आला त्याचा सख्खा भाऊ अ‍ॅलेक्स.

पगार किती, हा प्रश्न सगळे विचारतात. मोजक्या चार-पाच जणांना अवाढव्य मिळतो, मधल्यांना चांगला, मोटो३ च्या तळाला काहींना काहीच नाही. करार बहुधा एक-दोन वर्षांचे असतात. त्यामुळे मध्यावर असलेला रायडर जवळपास प्रत्येक हंगाम नोकरीची मुलाखत देत असल्यासारखा चालवतो. २०२३ पासून रविवारच्या मुख्य शर्यतीच्या जोडीला शनिवारी निम्म्या अंतराची स्प्रिंट आली. रविवारी जिंकणाऱ्याला २५ गुण, स्प्रिंट जिंकणाऱ्याला १२. म्हणजे २०२५ च्या बावीस वीकेंडना चव्वेचाळीस वेळा सुरुवात, आणि पहिल्या वळणाला सगळे एकत्र घुसतात तो धोकाही चव्वेचाळीस वेळा.

शरीराचा हिशेब

मार्केझची पद्धत अशी होती की सरावात मुद्दाम मर्यादेपलीकडे जायचं, पडायचं, आणि मर्यादा कुठे आहे ते कळलं की शर्यतीत तिच्या अलीकडे राहायचं. २०१७ मध्ये तो हंगामभरात २७ वेळा पडला आणि तरीही जगज्जेता झाला. पुढचं चाक घसरल्यावर कोपर आणि गुडघ्यावर गाडी तोलून पुन्हा उभी करण्याची त्याची हातोटी जगाने तोंडात बोट घालून पाहिली. लोकांना ती जादू वाटली. ते कर्ज होतं, आणि त्याची वसुली २०२० मध्ये झाली.

१९ जुलै २०२०, स्पेनमधलं हेरेझ. कोविडमुळे लांबलेल्या हंगामाची पहिली शर्यत. सुरुवातीलाच तो ट्रॅकबाहेर गेला, सोळाव्या क्रमांकावर घसरला आणि तिथून एकेकाला मागे टाकत तिसऱ्यापर्यंत आला. शर्यत संपायला चारेक लॅप उरले असताना हायसाइड झाला. पडताना गाडीचं चाक दंडावर आदळलं आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं.

मंगळवारी बार्सिलोनात शस्त्रक्रिया झाली, हाडाला धातूची पट्टी आणि स्क्रू लावले. आणि त्याच आठवड्यात शनिवारी, पुढची शर्यतही हेरेझलाच असल्याने, तो पुन्हा गाडीवर बसला. डॉक्टरांसमोर जोर काढून दाखवले, परवानगी मिळाली. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीत, वेदना आणि हातातली ताकद गेल्यामुळे थांबला. काही दिवसांनी घरी खिडकी उघडताना ती पट्टीच मोडली. ऑगस्टमध्ये दुसरी शस्त्रक्रिया. हाड जुळेचना, आत जंतुसंसर्ग झालेला निघाला. डिसेंबरमध्ये तिसरी, त्यात कमरेच्या हाडाचा तुकडा काढून दंडात बसवला आणि मग दीर्घकाळ प्रतिजैविकं चालली. हे सगळं होऊन हाड जुळलं ते पिळलेलं. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये चौथी शस्त्रक्रिया झाली. जुळलेलं हाड कापून सुमारे तीस अंश फिरवलं आणि पुन्हा जोडलं.

शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांत परतण्याची ती परवानगी द्यायलाच नको होती, असं माझं स्पष्ट मत आहे. सत्तावीस वर्षांचा जगज्जेता 'मला जमतं' म्हणणारच, तो त्याच्या घडणीचाच भाग आहे. त्याला अडवणं हे दुसऱ्यांचं काम होतं. कॉलरबोन मोडल्यावर आठवडाभरात शर्यत धावणारे रायडर या खेळात कौतुकाने सांगितले जातात, आणि त्या कौतुकाची किंमत नंतर पुढची चार-पाच वर्षं फेडावी लागते.

आता उजव्या हाताचा मुद्दा आठवा. २०२१ मध्ये तो परतला आणि जूनमध्ये साक्सनरिंगला जिंकला, ५८१ दिवसांनी. तेही तिथेच का? साक्सनरिंगच्या तेरा वळणांपैकी दहा डावी आहेत. डाव्या वळणात त्या दुखऱ्या उजव्या हाताला कमी सोसावं लागतं. उजव्या वळणात मात्र कोपर बाहेर काढून अंग आत झोकावं लागतं, आणि पिळलेल्या हाडामुळे ते कोपर हवं तसं वळतच नव्हतं. त्या वर्षीचा दुसरा विजय अमेरिकेतल्या ऑस्टिनचा, तिथेही डावी वळणं जास्त. हे समजलं की निकालपत्र वैद्यकीय अहवालासारखं वाचता येतं.

डोळ्यांचा त्रास त्याहून भीतिदायक. २०११ मध्ये मलेशियात मोटो२ च्या सरावात पडल्यावर त्याला एकाच्या दोन प्रतिमा दिसू लागल्या, त्या वर्षीचं विजेतेपद त्यातच गेलं. २०२१ च्या शेवटी घराजवळच्या सरावात आणि २०२२ मध्ये मांडालिकाला पडल्यावर तोच त्रास उलटला. हाड जोडता येतं. ब्रेक कुठे दाबायचा हे दाखवणाऱ्या एका फलकाचे दोन दिसत असतील तर त्यांतला खरा कोणता, हे साडेतीनशेच्या वेगात ठरवता येत नाही.

मोडलेल्या शरीरासाठी गाडीच बदलणारे रायडरही झाले. ऑस्ट्रेलियाच्या मिक डूहानचा उजवा पाय १९९२ मध्ये आसेनला मोडला, रक्तपुरवठा बिघडला, पाय कापायची वेळ आली. डॉक्टर क्लॉडिओ कोस्टा यांनी रक्त मिळावं म्हणून त्याचे दोन्ही पाय काही काळ एकमेकांना शिवून ठेवले. पाय वाचला, घोटा कायमचा आखडला. मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो, ते जमेना, म्हणून डाव्या हँडलवर अंगठ्याने दाबायचा ब्रेक बसवला. त्यावर तो १९९४ ते १९९८ सलग पाच वेळा जगज्जेता झाला. आज धडधाकट रायडरही तो अंगठ्याचा ब्रेक वापरतात.

सगळ्यांना ही संधी मिळत नाही. तीन वेळचा विजेता वेन रेनी १९९३ मध्ये मिसानोला पडला आणि छातीखाली कायमचा अधू झाला. मार्को सिमोन्चेल्ली २०११ मध्ये सेपांगला गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. एकोणीस वर्षांचा जेसन दुपास्किए २०२१ मध्ये मुजेलोला गेला. स्टोनर सत्तावीसाव्या वर्षी, शिखरावर असताना, स्वतःहून थांबला. रॉसी बेचाळीसपर्यंत धावला. थांबण्याचं योग्य वय असं काही नाही, पण थांबायचं कधी हे स्वतः ठरवता येणं, हेच या धंद्यात मोठं भाग्य आहे.

आपण यात कुठे

सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी आली. बेझेकी जिंकला. उकाडा इतका की शर्यतीचे लॅप कमी करावे लागले. पण तिथे धावू शकेल असा भारतीय मोटोजीपी रायडर नव्हता. कारण सरळ आहे. आपल्याकडची राष्ट्रीय रेसिंग मुख्यतः चेन्नईजवळचा ट्रॅक आणि कोइमतूरचा कारी ट्रॅक यांवर चालते, म्हणून आपले बहुतेक चांगले रायडर तमिळनाडूचे. पुण्या-नाशकाकडच्या मुलाला खऱ्या सर्किटवर एक दिवस सराव करायचा तर गाडी टेम्पोत घालून हजार-बाराशे किलोमीटर जावं लागतं. स्पेनचं पोर दहाव्या वर्षापर्यंत जे शिकतं, ते आपला मुलगा अठराव्या वर्षी शिकायला सुरुवात करतो. त्यात वेगाची हौस रस्त्यावर भागवली जाते आणि ती किती घरं उजाड करते, हे आपण रोज वाचतो. ट्रॅक जवळ असता तर त्यातली काही पोरं वाचली असती, असं मला मनापासून वाटतं.

गाड्या बनवण्यात मात्र महाराष्ट्र या खेळाच्या पार आत आहे. ऑस्ट्रियाची केटीएम २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कर्जाखाली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्या छोट्या ड्यूक आणि आरसी गाड्या वर्षानुवर्षं चाकणला बनतात आणि पुण्याची बजाज ऑटो तिची जुनी भागीदार. २०२५ मध्ये बजाजने पैसा ओतून कंपनी वाचवली आणि तिची सूत्रं हाती घेतली. त्या मधल्या महिन्यांत केटीएमचे पेद्रो अकोस्टासारखे तरुण रायडर सरावाच्या वेळा सुधारत होते आणि आपली टीम पुढच्या वर्षी असेल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी आकुर्डीहून, बजाजच्या मुख्यालयातून, यायचं होतं.

पुढची उलथापालथ जवळच आहे. २०२७ पासून इंजिन १००० वरून ८५० सीसीवर येणार, उंची कमी करणारी यंत्रणा बंद होणार, टायर मिशेलिनऐवजी पिरेलीचे असणार. म्हणजे कोणत्या कंपनीची गाडी वेगवान ठरेल, हे आज कंपन्यांनाही सांगता येत नाही. आणि बहुतेक रायडरांचे करार २०२६ अखेर संपतात. नवी गाडी शर्यतीत धावलेली पाहण्याआधीच त्यांना पुढची सही करावी लागणार आहे.